कनातीच्या अलीकडे, पलीकडे

(द्वितीय वर्ष, कला)

गाण्याची आवड कुणाला नसते? आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या मोबाईलमध्ये चारशे-पाचशे गाणी सहज निघतील. एस. टी. च्या खिडकीशी बसून ती ऐकता ऐकता कळंबचा थांबा कधी गेला हेही कळत नाही. पण गाणाऱ्याच्या गळ्याची शीर ताणलेली दिसावी इतक्या जवळ बसून वर्षभरात आपण किती गाणे ऐकले, असा हिशेब मांडला तर एका हाताची बोटेही जास्त होतात. मी तो हिशेब मांडला आहे. २०२४ च्या चैत्रापासून २०२५ च्या माघापर्यंत मी असे चार कार्यक्रम ऐकले की ते अजून कानातून जात नाहीत. एक भर उन्हात, एक देवळाच्या आवारात, एक पुण्याच्या मांडवात आणि एक रात्रीच्या कनातीत. यांच्याविषयी लिहिताना गाण्याबरोबर आणखी एका गोष्टीविषयी लिहावे लागणार आहे. ती गोष्ट म्हणजे बसायची जागा. गाणे सर्वांसाठी असते असे आपण म्हणतो. पण ते ऐकायला कुणी कुठे बसायचे, हे मात्र आपण जन्मायच्या आधीच ठरलेले असते.

जुन्नर आणि आंबेगाव हे आपले दोन तालुके शिवनेरीसाठी, भीमाशंकरच्या डोंगरासाठी, कांदा-टोमॅटोसाठी आणि अलीकडे बिबट्यासाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. परंतु गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावात उतरले, तर तिथे आणखी एक बाजार भरलेला दिसतो. तमाशाच्या फडांनी आपापल्या रहुट्या टाकलेल्या असतात. प्रत्येक रहुटीवर फडाच्या नावाची मोठी पाटी, आत एक टेबल, दोन-चार खुर्च्या आणि वही. गावोगावचे पुढारी यात्रेची तारीख घेऊन येतात, घासाघीस होते, चहा होतो आणि सुपारी ठरते. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेच्या आसपास परत येतो. त्याच्या वर्षाची खरी मिळकत ठरते ती या चैत्र-वैशाखाच्या यात्रांत. म्हणूनच नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) याच गावच्या नावाने महाराष्ट्रभर ओळखल्या गेल्या. १९९० साली त्यांचा राष्ट्रीय सन्मान झाला, त्यांच्या नावाने राज्य शासन २००६ पासून जीवनगौरव पुरस्कार देते. आणि त्यांची स्वतःची अखेरची वर्षे मात्र हलाखीत गेली. सन्मान करताना आपण फार उदार असतो, एवढेच यावर म्हणता येईल.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, या तमाशापंढरीची वारकरी. पण तिची वारी निराळी. तरुणपणी आजोबा गेल्यावर पदरात तीन मुले होती. तिने यात्रा-यात्रांतून चहा-भज्यांचे दुकान मांडायला सुरुवात केली. दुकान म्हणजे एक स्टोव्ह, एक कढई, एक किटली आणि वर ताडपत्री. तमाशाची कनात उभी राहिली की रंगमंचाच्या मागच्या अंगाला, कनातीला लागून, तिची ताडपत्री बांधली जाई. फडातली माणसे चहाला तिच्याकडेच येत. तीसएक वर्षे तिने हे केले. नाचणाऱ्या बायकांना तिने तोंडाला रंग लावताना पाहिले, मुलांना पाजताना पाहिले आणि पहाटे रंग पुसून ट्रकमध्ये चढतानाही पाहिले. यांच्या मधला जो भाग, ज्यासाठी पंचक्रोशी लोटायची, तो मात्र तिने कधी पाहिला नाही. तो तिने कनातीच्या कापडाआडून फक्त ऐकला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत. तेव्हा तिचा स्टोव्ह जो विझला तो पुन्हा पेटला नाही. पण आजही चुलीपुढे बसून ती एखादा संवाद असा फेकते की बाहेरून येणाऱ्याला वाटावे, घरात भांडण चालले आहे.

इतकी ही पार्श्वभूमी सांगून आता हिशेबाकडे वळते.

पहिला कार्यक्रम आमच्या गावच्या चैत्री यात्रेतला, २०२४ चा. आपल्याकडच्या यात्रा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. सकाळी देवाला अभिषेक, मग मांडवडहाळे, दुपारी घाटात बैलगाडे आणि रात्री तमाशा. बैलगाड्यांवर मधली काही वर्षे बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानेही ती कायम केली, तेव्हापासून घाटावरची हलगी पुन्हा गर्जू लागली आहे. रात्रीचा तमाशा मी पाहिला नाही. आमच्या गावात तरुण मुलींनी तो पाहायचा नसतो. असा लेखी नियम कुठे नाही, आणि लेखी नसल्यामुळेच तो मोडताही येत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. रात्री खेळ केलेला फडच देवापुढे येतो आणि गावाला दोन-अडीच तास विनामूल्य कार्यक्रम दाखवतो. हजेरीला बायका-पोरी बसू शकतात. दिवसाचा उजेड आणि देवीचे दार या दोन्हींची त्याला राखण असते.

अकरा वाजले होते. मंडप अपुरा, ऊन डोक्यावर. रात्रभर जागलेली ती माणसे. ढोलकीवाल्याने मांडीखाली ढोलकी घेतली, शाईच्या बाजूवर दोन-तीन थापा मारून कान लावला, दोरी ओढली, पुन्हा कान लावला. पलीकडे एक पोरगा पाचटाच्या जाळावर हलगी शेकत होता. मग दोघांची जी जुंपली, ती मला शब्दांत सांगता येणार नाही. ढोलकी प्रश्न विचारायची आणि हलगी उत्तर द्यायची. मग हलगी उलट विचारायची आणि ढोलकी तिला वेडावून दाखवायची. माझ्या शेजारच्या म्हातारीने मांडीवर ठेका धरला होता आणि तिच्या बांगड्या तिसरे वाद्य झाल्या होत्या. नंतर लावणी झाली. म्हणणारी बाई पस्तिशीची असावी. उन्हात तिच्या तोंडावरची पावडर घामाने ओघळत होती, शालूच्या पदराला दोन ठिकाणी दोरा घातलेला दिसत होता, आणि तिचा आवाज मात्र असा निघाला, की ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडल्याचे पुढच्या दोन रांगांतल्या आम्हांला कळलेही नाही. रात्रीच्या झगमगाटात कदाचित हे मला दिसले नसते. तेव्हा मला वाटले, या लोकांना दिवसा पाहायला मिळाले हे आमचे नशीबच. पण लगेच दुसराही विचार आला. हजेरीत गण असतो, गवळण असते, लावणी असते, वग नसतो. वग म्हणजे तमाशाचा गाभा, ती गोष्ट, ते नाटक. म्हणजे आम्हा मुलींच्या वाट्याला तमाशाचे ताट येते ते भाकरीवाचून.

दुसरा कार्यक्रम श्रावणातला. २०२४ साली श्रावण सोमवारीच सुरू झाला, त्यामुळे पाच सोमवार आले. ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे कोरड्या तांदळाच्या पिंडी साकारतात आणि त्या पाहायला मोठी यात्रा भरते. जवळच बाबाजी चैतन्यांची समाधी. तुकोबांना स्वप्नात येऊन मंत्र देणारे गुरू ते हेच. माझी आई आमच्या गावच्या महिला भजनी मंडळात आहे. तिसऱ्या सोमवारी मंडळ ओतूरला जाणार होते. त्यांच्याबरोबर मीही गेले.

पाऊस भुरभुरत होता. बायका ओल्या लुगड्यांनीच बसल्या. मृदंग एका शाळकरी मुलाकडे होता, पेटी एका आजोबांकडे आणि टाळ वीस बायकांकडे. आई घरी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. शेतावरून आली की भाकऱ्या, भाकऱ्या झाल्या की भांडी. ती इथे उभी राहिली आणि तिने एका अभंगाचे धृपद असे उचलले की माझ्या अंगावर काटा आला. वीस टाळ एकदम पडत होते, आणि पडता पडता त्यांचा एक टाळ होत होता. शेवटी रिवाजाप्रमाणे गवळण झाली. राधा मथुरेच्या बाजाराला निघाली आहे, कृष्ण वाट अडवतो आहे, असे सगळे. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की अहो, ही तर हजेरीतलीच गवळण! तिथे मावशी होती, पेंद्या होता, थोडी चेष्टामस्करी जास्त होती. पण ती राधा, तो कृष्ण, ते दूध आणि तो बाजार सगळे तेच. एकनाथ महाराजांनी गवळणी लिहिल्या, शाहिरांनी लिहिल्या, फडातल्या निरक्षर कवींनी लिहिल्या. एकाच राधेला देवळात पुढे बसवतात आणि कनातीत तिच्याकडे पाहायला लेकीबाळींना बंदी करतात.

परतताना एस. टी. त मी आईला हे विचारले. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मग म्हणाली, "गवळण तीच असती गं. बाजार येगळा असतो." मला या उत्तराचा रागही आला आणि कौतुकही वाटले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. तरीपण जे सांगायला मला पाच-सहा वाक्ये लागली असती ते आईने दोन वाक्यांत सांगून टाकले.

तिसरा कार्यक्रम अगदी निराळ्या मुलखातला. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. आमच्या मराठीच्या बाईंनी एकदा तासाला सांगितले होते की पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली हा उत्सव सुरू केला आणि अनेक वर्षे तो रात्र रात्र चालत असे. तेव्हापासून माझ्या मनात होते. डिसेंबर २०२४ मध्ये मुकुंदनगरला महोत्सवाचे सत्तरावे वर्ष साजरे झाले. कांद्याच्या लागवडीचे माझे मजुरीचे पैसे साठले होते आणि पुण्यात मावशी होती. एका दिवसाचे भारतीय बैठकीचे तिकीट काढले आणि गेले.

त्या वर्षी तिथे एक उदासी होती. ज्यांच्या गाण्याने महोत्सवाची सांगता व्हायची त्या प्रभाताई अत्रे जानेवारीत गेल्या होत्या. आणि महोत्सव सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी, १५ डिसेंबरला, उस्ताद झाकीर हुसेन अमेरिकेत निवर्तले होते. मांडवात, चहाच्या टपरीवर, चपला काढायच्या जागी, जिथे-तिथे लोक त्यांच्याविषयीच बोलत होते. मला त्यांचा तबला रेडिओ-मोबाईलवरूनच माहीत. पण एक माणूस सातासमुद्रापलीकडे जातो आणि पुण्याच्या मांडवातली अनोळखी माणसे घरचे कुणी गेल्यासारखी हळू आवाजात बोलतात, हे पाहून वाद्य वाजवणाऱ्याची थोरवी मला कळली. आमचा तो ढोलकीवाला मला त्या वेळी आठवला. त्याचे नाव त्या दिवशी कुणी विचारले नव्हते, मीही नाही.

खरे सांगायचे तर ख्याल सुरू झाला तेव्हा पहिली वीस मिनिटे काही घडतच नाही असे मला वाटले. एक स्वर घ्यायचा, त्याच्याभोवती फिरायचे, पुन्हा तिथेच यायचे. शेजारी एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. माझी चुळबुळ पाहून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्या तळव्यावर आपल्या बोटाने मात्रा मोजू लागल्या. "आता बघ हं, आता येईल," म्हणत आणि नेमक्या समेवर बोट दाबत. चार-पाच आवर्तनांनंतर मला समेची वाट पाहता येऊ लागली. मग जाणवले की वाट पाहायला शिकवणे हेच या गाण्याचे काम आहे. आणि फडातही झीलकरी गाणाऱ्याचा शब्द उचलून धरतात, तेव्हा सगळी कनात अशीच एका जागी येते. फक्त तिथे मुंडाशी हवेत उडतात आणि इथे माना हलतात.

परंतु त्या दिवशीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट गाण्याची नव्हती. मांडवात निम्म्याहून अधिक नाही तरी निदान निम्म्या बायका होत्या. कुणी एकटी आली होती, कुणी थर्मास घेऊन आली होती, कुणी पाय पसरून डोळे मिटून बसली होती. मी एकोणीस वर्षांची मुलगी एकटी जाऊन मधोमध बसले आणि माझ्याकडे कुणी वळून पाहिले नाही. कुणी वळून पाहत नाही, हे सुख आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आपण नुसते कान होऊन बसू शकतो! रात्री मावशीकडे परतताना मी एकच विचार करीत होते. आजीला तीस वर्षांत एकदाही असे बसायला मिळाले नाही.

म्हणून चौथा कार्यक्रम घडला. घडला म्हणण्यापेक्षा मी घडवला म्हणते. तेवढा अभिमान मला माफ असावा.

आजीच्या माहेरची यात्रा माघात असते. २०२५ च्या माघात आम्ही सगळे गेलो. वडील ज्यांच्याकडे गाडी चालवतात, त्या मालकांची पिकअप मागून घेतली होती. टोमॅटोचे रिकामे क्रेट बाजूला सारून मागे बायका-पोरे बसली. गावाने मोठा फड ठरवला होता. सुपारी गावाची, त्यामुळे तिकीट नव्हते. पण कनात तीन बाजूंनी होती, आणि बायकांची सोय नेहमीप्रमाणे शाळेच्या ओट्यावर, म्हणजे रंगमंचापासून शंभर पावलांवर. आई आणि इतर बायका तिकडे गेल्या. मी आजीला म्हणाले, "आजी, आत बसायचं का?" मला वाटले ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "आत म्हंजी कुठवर आत?" मी म्हणाले, "पार पुढं." तिने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि चालू लागली.

तिकीट नव्हते, अडवायला भिंत नव्हती, तरी त्या दारातून आत जाताना माझे पाय जड झाले होते. शेकडो पुरुष बसलेले. यात्रा कमिटीचा बिल्ला लावलेला एक तरुण पुढे आला आणि आदबीनेच म्हणाला, "आजी, इकडं कुठं? बायांची सोय शाळेच्या वट्यावर हाय." आजीने त्याच्याकडे पाहिले. "मला लांबचं दिसत नाय रं बाबा," ती म्हणाली, आणि चालत राहिली. त्याला यावर काय बोलावे ते सुचले नाही. थोड्या वेळाने तोच दोन खुर्च्या घेऊन आला आणि पहिल्या रांगेच्या कडेला टाकून गेला.

गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली. नंतर सिनेमाच्या गाण्यांवर नाच सुरू झाले ते संपेचनात. मागून चिठ्ठ्या येत, शिट्ट्या होत, पुन्हा तेच गाणे. मी आजीकडे पाहिले तर ती नाचाकडे बघतच नव्हती. तिची नजर रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यावर होती, जिथे कनातीची एक फट उघडी होती. "तितं माझी किटली आसायची," ती म्हणाली. "त्या फटीतनं चहा आत जायचा."

वग लागला तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती. वग होता राजा हरिश्चंद्राचा. हरिश्चंद्र रंगमंचावर आला आणि आजीने तोंडाला पदर लावला. मला वाटले तिला रडू आले. पण ती हसत होती. "आगं, मला वाटायचं राजा धिप्पाड आसंल," ती माझ्या कानात म्हणाली. "येवढासाच हाय की!" आवाजावरून तिने मनात जो राजा उभा केला होता, तो तीस वर्षे सहा फुटांचा होता. थोड्या वेळाने मात्र तिने डोळे मिटून घेतले. "बघ की गं आता," मी म्हणाले. "ऐकू दे," ती म्हणाली. डोळे मिटूनच तिने एका जागी मान हलवली, "हितं झील दोनदा आसायची," असे पुटपुटली, आणि पुढचा शब्द नटाच्या आधी तिच्या ओठांवर आला. तारामती रोहिदासाचे प्रेत घेऊन स्मशानात आली. हरिश्चंद्र तिच्याकडे कर मागणार, इतक्यात ध्वनिक्षेपक बंद झाला. वेळ संपली होती. कमिटीने पुढे येऊन सर्वांचे आभार मानले, आणि मेलेला रोहिदास उठून आत गेला. लोकही उठले. वगात काय उरले याची कुणालाच फारशी फिकीर दिसली नाही. पुष्कळसे तर नाचगाणी संपल्यावरच गेले होते.

परतीच्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस आहे. आपल्या भागात आता रात्री उसाच्या कडेने पायी कुणी जात नाही, म्हणून वाटेतल्या वस्त्यांवरच्या आणखी सात-आठ बायका पिकअपमध्ये चढल्या. वडील गाडी सावकाश चालवीत होते. कुणीतरी म्हणाले, "वग अर्धाच ऱ्हायला." तेव्हा क्रेटला टेकून बसलेली आजी म्हणाली, "आर्धा कशानं? पुढचा मला येतोय." आणि तिने सुरुवात केली.

स्मशानातल्या राजाचा तो आवाज सत्तर-बाहत्तर वर्षांच्या बाईच्या गळ्यातून कुठून आला असेल ते मला माहीत नाही. कर मागणारा हरिश्चंद्र तीच, पदर फाडून द्यायला निघालेली तारामती तीच, ओळख पटल्यावर दोघांत पडलेली शांतताही तीच. चढाला गाडीचा आवाज वाढला की ती थांबायची, उतार लागला की पुढे सांगायची. एका ठिकाणी पद आले. तिने पहिली ओळ म्हटली आणि श्वास घ्यायला थांबली, तेव्हा अंधारातून दुसऱ्या बाजूने झील आली. झील धरणारी माझी आई होती. ओतूरच्या देवळात जो आवाज लागला होता, तोच. मग इतर बायकांनीही ती उचलली. तारामतीवर तलवार उगारली गेली, देव प्रकटले, रोहिदास उठून बसला, तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती आणि कुणीच खाली उतरत नव्हते. वडिलांनी इंजिन बंद केले होते. तेही स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत बसले होते.

वर्षभरातला सर्वांत आवडता कार्यक्रम कोणता, असे कुणी विचारले तर मी हा सांगेन. त्याला ना रंगमंच होता, ना तिकीट, ना कनात.

तमाशा म्हणजे सगळे सोन्यासारखेच असते असा माझा दावा नाही. चिठ्ठ्या आणि शिट्ट्यांचे ते दोन तास मीही सोसले आहेत. पण फडातली माणसे गावाला जे मागेल ते देतात. गाव नाचच मागते, म्हणून वग मागे मागे सरकत जातो. जे वग मागतील, वगासाठी थांबतील, त्यांनाच आपण शाळेच्या ओट्यावर बसवले आहे. बायकांना कनातीत मानाने बसायला जागा दिली तर कनातीचा रंगही थोडा बदलेल, असे मला वाटते. सवाईच्या मांडवात मी जे पाहिले ते काही पुण्याच्या पाण्याचा गुण नव्हे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या महाविद्यालयात व्याख्यान झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर होत्या, याचाही आपण आनंद मानला. त्या आनंदाच्या भरात प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मंडळाला एक विनंती करते. पुढच्या स्नेहसंमेलनात नारायणगावचा एखादा फड आपल्या सभागृहात बोलवावा. गणापासून वगापर्यंत सगळा तमाशा व्हावा, मुलींनी पुढच्या रांगांत बसावे, आणि ढोलकीवाल्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगितले जावे. सुपारीला वर्गणी लागली तर कांद्याच्या हंगामातली माझी आठ दिवसांची मजुरी मी आताच लिहून देते.

ही कल्पना मी आजीला सांगितली. ती यायला तयार आहे. तिची अट एकच आहे. ती म्हणाली, "येते की. पर वग पुरा झाला पायजे."